पौषातली रात्र आणि परसातला टोमॅटो

गेल्या पंधरवड्यात मुरारहून एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या परसात टोमॅटोची बारा झाडे आहेत. झाडे कशी हिरवीगार, कमरेएवढी उंच, पिवळ्या फुलांनी नुसती लहडलेली. पण फळ म्हणाल तर एक नाही. सकाळी पाहावे तो आळ्यात गळलेल्या फुलांचा सडा. खत घातले, राख घातली, औषध फवारले. शेजारच्या आजींनी सांगितले म्हणून मीठमोहऱ्याही उतरवून झाल्या. शेवटी त्या विचारतात, "दुकानदाराने मला फसवले काय? का माझ्याच हाताला यश नाही?"

पत्र वाचून मला हसू आले आणि थोडे गलबलूनही आले. कारण हाच प्रश्न मी स्वतःला एकदा नव्हे, लागोपाठ तीन वर्षे विचारला होता. त्यांच्या निमित्ताने या महिन्यात टोमॅटोच्या जातींविषयी आणि विशेषतः थंडीच्या मुलखात जात कशी निवडावी याविषयी लिहीत आहे. जरा सविस्तर लिहावे लागेल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

प्रथम त्या भगिनीच्या मनातली शंका दूर करते. दृष्ट लागलेली नाही. हाताला यश नाही असेही नाही. नाहीतर झाडे एवढी माजली नसती. टोमॅटो हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीकडचे झाड. त्याला दिवसा ऊन हवे आणि रात्री सुखद गारवा हवा. गारठा त्याला मानवत नाही. रात्रीचे तापमान 15 ते 20 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असले म्हणजे फळे उत्तम धरतात. ते 13 अंशांच्या खाली उतरले, की फुलातले पराग नीट तयार होत नाहीत. जे होतात त्यांची वाढ इतकी संथ होते, की बीजापर्यंत पोहोचण्यापूर्वीच फूल देठापासून सुटून पडते. झाड जिवंत असते, वाढतही असते, फुलतही असते. फक्त फलधारणा होत नाही. उलट उन्हाळ्यात दिवस 35 अंशांवर तापू लागले आणि रात्रीही उष्ण राहिल्या, तरी परिणाम तोच. म्हणजे टोमॅटोचे खरे भवितव्य ठरते ते रात्री, आपण सारे निजलेले असताना.

आता माझी हकिगत सांगते.

लग्न होऊन मी 1974 साली लष्करला आले. माझे माहेर रत्नागिरीजवळच्या एका खेड्यातले. तिकडे भात कापून झाले, की त्याच ओलीवर भाजीपाला लावतात. आमच्या घरचा शिरस्ता असा, की तुळशीचे लग्न झाले म्हणजे टोमॅटोची रोपे वाफ्यातून उचलून लावायची. संक्रांतीला हळदीकुंकवासाठी बायका येत तेव्हा परस लालभडक झालेला असे. ती फळे मोठी, चपटी, पातळ सालीची. तसली फळे ग्वाल्हेरच्या बाजारात दिसेनात, म्हणून मी भावाला पत्र घातले आणि त्याने राखेत घोळलेले बी कागदाच्या पुडीत बांधून पोस्टाने धाडले. ती पुडी हातात आली तेव्हा मला काय वाटले, ते सासरी आलेल्या प्रत्येकीला सांगावयास नको.

सासूबाईंचा जन्म लष्करचाच. त्यांनी पुडी पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, "बी तुझ्या माहेरचे असू दे सूनबाई, तिथी मात्र इथली धर. इथे रोपे गणपतीत लावतात."

हे वाक्य मला लागले. वाटले, माझ्या माहेरच्या रीतीला या नावे ठेवताहेत. मी काही बोलले नाही. पण रोपे लावली ती तुळशीचे लग्न झाल्यावरच. पौष आला, झाडे फुलली, आणि एकही फळ धरले नाही. दुसऱ्या वर्षी वाटले, खत कमी पडले. तिसऱ्या वर्षी वाटले, बी जुने झाले असावे. भावाकडून नवे मागविले. तिन्ही वर्षे संक्रांतीला मी बाजारचे टोमॅटो आणले, आणि तिन्ही वर्षे सासूबाईंनी त्याविषयी एक अक्षर काढले नाही. त्यांचे ते न बोलणे मला बोलण्याहून अधिक झोंबे.

चौथ्या वर्षी हट्ट सोडला. श्रावणात बी पेरले, गौरी-गणपतीच्या सुमारास रोपे लावली. नवरात्रात फुले आली, दिवाळीपर्यंत सुपारीएवढी फळे दिसू लागली आणि मार्गशीर्षात पहिले फळ पिकले. बी तेच, माती तीच, हात तेच. फक्त फुले धरली ती आश्विन-कार्तिकाच्या उबदार रात्री. त्या पहिल्या फळांचे सार करून मी सासूबाईंच्या पानात वाढले. त्यांनी दोन भुरके घेतले आणि म्हणाल्या, "मीठ जरा कमी आहे." आमच्यातला वाद तिथे मिटला.

पुढे वाचनात आले तेव्हा उलगडा झाला. रत्नागिरीला समुद्राच्या सान्निध्यामुळे डिसेंबरातही रात्री 18-19 अंशांच्या आसपास राहतात. ग्वाल्हेरला जानेवारीतील रात्रीचे सरासरी तापमान 7 अंशांच्या जवळपास असते, आणि कडाक्याच्या दिवसांत ते आणखीही खाली जाते. कोकणातली तिथी ग्वाल्हेरला आणून मी फुलांना नेमके पौषाच्या तोंडी दिले होते. दोष बियाचा नव्हता, माझ्या पंचांगाचा होता.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की पुडीवरचे फळाचे चित्र पाहून जात निवडू नये. आपल्या गावची रात्र पाहावी आणि तिच्याजोगी जात व तिथी दोन्ही एकत्र निवडावीत. आपला वाचकवर्ग दूरदूर पसरलेला आहे, म्हणून एकच सल्ला सर्वांना लागू पडणार नाही. हैदराबाद आणि बेळगाव येथे जानेवारीतल्या रात्री सर्वसाधारणपणे 14-15 अंशांच्या घरात असतात. तेथील भगिनींनी थंडीची फारशी चिंता करू नये. बडोद्याला त्या 12 अंशांच्या आसपास, म्हणजे काठावरच्या. इंदूर-उज्जैनकडे 10 अंशांच्या जवळपास. तेथे पौषात फळधारणा मंदावते. ग्वाल्हेर, झाशीकडे मात्र थंडीचे महिना-दीड महिना फुले वाया जाणार, असे धरूनच चालावे. गोव्याच्या भगिनींना हा लेख केवळ मनोरंजनार्थ!

त्यातही एकाच गावात परसापरसांत फरक असतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या दगडी भिंतीलगत रात्रीची ऊब टिकून राहते. उघड्या मळ्यात, विशेषतः सखल जागी, थंड हवा साचते. कमाल-किमान तापमान नोंदणारी उष्णतामापी नळी बाजारात सहज मिळते. ती झाडांजवळ, उन्हाचा झोत लागणार नाही अशी टांगावी आणि रोज सकाळी आकडा वहीत टिपावा. एका हिवाळ्याची अशी वही हाती असली, म्हणजे दुकानदाराच्या शंभर शब्दांची गरज उरत नाही.

आता जातींकडे वळू.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या जातींच्या नावात 'पुसा' हा शब्द येतो. ही संस्था 1905 साली बिहारातील पुसा या गावी स्थापन झाली. 1934 च्या भूकंपात तेथील इमारत कोसळली आणि 1936 मध्ये संस्था दिल्लीला आली. पण गावाचे नाव तिने सोडले नाही. ज्या गावाची वेस तीन पिढ्यांत कोणी पाहिली नाही, त्याचे नाव 'कर' लावून मिरवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सहज समजेल.

या संस्थेची 'पुसा रुबी' ही जुनी आणि सर्वत्र परिचित जात. अमेरिकेतील 'स्यू' आणि आपल्याकडील 'सुधारित मेरठी' यांच्या संकरातून ती निघाली. लवकर येते, रोप लावल्यापासून साधारण 60 ते 65 दिवसांत फळ पिकू लागते. गणपतीत लावावयास ती चांगली. परंतु कडाक्याच्या थंडीत तीही फळ धरीत नाही.

थंडीसाठी मुद्दाम काढलेली जात म्हणजे 'पुसा शीतल'. रात्रीचे तापमान 8 अंशांपर्यंत उतरले तरी ती फळ धरते, हा तिचा विशेष. झाड झुडपी, फळ मध्यम, चपटगोल आणि लाल. थंडी ओसरण्यापूर्वी लावून लवकर फळ मिळवायचे असेल, तर उत्तरेकडील भगिनींनी हीच जात घ्यावी. दुसरी 'पुसा सदाबहार'. रात्रीचे तापमान 6 अंश असो वा 30 अंश, या दोन्ही टोकांच्या दरम्यान ती फळ धरू शकते. ग्वाल्हेरसारख्या, एकाच वर्षात दोन्ही टोके दाखविणाऱ्या गावाला ती सोयीची. पण एक लक्षात ठेवावे. 'फळ धरते' याचा अर्थ 'भरघोस धरते' असा नव्हे. पौषातल्या पाच फळांना आश्विनातल्या पंधरांची सर येणार नाही.

या जाती हाती नसल्या तर सामान्य नियम पाहावा. लहान फळाच्या जाती, त्यांतही बोराएवढी घोसाने लागणारी फळे, थंडीत मोठ्या फळांपेक्षा अधिक सहजतेने धरतात. मोठ्या, मांसल फळांच्या जातींवर गारठ्याचा दुहेरी घाला पडतो: फळे कमी धरतात, आणि धरली तरी कळी गारठलेली असल्यामुळे फळ वेडेवाकडे, टोकाशी चिरा व खवले पडलेले निपजते. तसे फळ दिसले तर रोग समजून औषध मारू नये. चिरलेला भाग कापून टाकावा आणि बाकीचे आमटीत घालावे.

दुसरा नियम बांध्याचा. टोमॅटोचे दोन प्रकार. एक ठेंगणा, झुडपी. तो ठरावीक वाढ झाली, की थांबतो आणि थोड्या दिवसांत सारी फळे देऊन मोकळा होतो. दुसरा उंच वाढणारा. त्याला काठीचा आधार देत राहावे, तो महिनोन् महिने वाढत व फळत राहतो. थंडी आणि लू यांच्या कात्रीत ज्यांना जेमतेम दीड-दोन महिन्यांची अनुकूल वेळ मिळते, त्यांनी झुडपी, लवकर येणारी जात निवडावी. ज्यांच्या गावी हवा सौम्य आहे त्यांनी उंच जात लावून लांबवर फळ खावे. पुडीवर जे दिवस छापलेले असतात ते बहुधा रोप लावल्यापासूनचे असतात, पेरल्यापासूनचे नव्हेत. त्यांत वाफ्यातले चार-पाच आठवडे मिळवावेत. थंडीत तर याहूनही अधिक दिवस लागतात.

"मग श्रावणाऐवजी ज्येष्ठातच पेरले तर?" असे कोणी विचारील. तसे करू नये. पावसाळ्याच्या उबदार दिवसांत पांढरी माशी माजते आणि तिच्यामार्फत पाने आक्रसून टाकणारा विषाणू पसरतो. एकदा झाड असे चुरगळले, की त्यावर इलाज नाही. म्हणून श्रावणातला वाफाही मच्छरदाणीच्या बारीक कापडाने झाकावा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का रक्षक' ही संकरित जात या विषाणूला, तसेच मर रोगाला व लवकर येणाऱ्या करप्याला दाद देत नाही. ज्यांच्या परसात हा उपद्रव नेहमीचा आहे त्यांनी ती गणपतीच्या लागवडीस वापरून पाहावी. मात्र संकरित जातीचे बी घरी धरू नये. पुढच्या पिढीत गुण फुटून जातात. पुसा रुबी, शीतल, सदाबहार या सरळ जातींचे बी मात्र घरी धरता येते. चांगल्या झाडाचे पूर्ण पिकलेले फळ घ्यावे, गर दोन दिवस आंबू द्यावा, धुऊन बी सावलीत वाळवावे.

आता पाल्याविषयी. हा शब्द ऐकून मी एकदा चांगलीच फसले होते. आमचा माळी एका संध्याकाळी म्हणाला, "बाईजी, आज रात को पाला पड़ेगा." मला वाटले, झाडाचा पाला पडेल, पडू दे, सकाळी झाडून काढू. सकाळी उठून पाहते तो सारी झाडे उकडलेल्या भाजीसारखी काळवंडून माना टाकून बसलेली! उत्तरेकडे 'पाला' म्हणजे गोठलेले दहिवर. जातीच्या निवडीत हा भेद ध्यानात ठेवणे फार आवश्यक आहे. 8 अंशांवर फळ धरणारी जात ही पाला सोसणारी जात नव्हे. पाणी गोठले, की शीतलही मरते आणि सदाबहारही मरते. तिथे नाव कामी येत नाही, गोणपाट कामी येते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळपासून बोटे बधिर होऊ लागली, तर त्या रात्री पाला पडण्याचा संभव समजावा. दुपारी आळ्यांना पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक साठविते. काठ्या रोवून त्यांवर गोणपाट किंवा जुनी चादर टाकावी. ती पानांना चिकटू देऊ नये. सकाळी ऊन आले, की काढून ठेवावी.

आपल्यापैकी कित्येकींच्या लेकीसुना आता हिमाचलात, युरोपात किंवा कॅनडात आहेत आणि तेथे बाल्कनीत टोमॅटो लावण्याची हौस बाळगतात. त्यांचा हिशेब वेगळा. तेथे हिवाळा टाळायचाच असतो. प्रश्न उरतो तो उन्हाळा किती आठवड्यांचा आहे याचा. शेवटच्या हिमापासून पहिल्या हिमापर्यंतचे दिवस मोजावेत आणि त्यांत सहज बसणारी जात घ्यावी. चेकोस्लोव्हाकियातून आलेली 'स्टुपित्से' आणि कॅनडात निघालेली 'सब-आर्क्टिक प्लेंटी' या लहान फळांच्या, लवकर येणाऱ्या जाती तिकडे नावाजलेल्या आहेत. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या विद्यापीठाने काढलेली 'ऑरेगन स्प्रिंग' तर गारठ्यात पराग निकामी झाले तरी परागाविनाच फळ धरते. तशा फळात बी नसते किंवा अगदी थोडे असते. इंग्लंडसारख्या ओलसर मुलखात थंडीइतकाच उशिरा येणारा करपाही घातक, म्हणून तिकडे करप्याला तोंड देणारी जात पाहावी. हिमाचलात सोलनच्या परिसरात टोमॅटो उन्हाळ्यात लावतात आणि पावसाळ्यात, मैदानात टोमॅटो दुर्मिळ असताना, खाली पाठवितात. ज्या महिन्यात आपण पेरतो, त्या महिन्यात ते खुडतात. पंचांग एकच, शेतीची तिथी वेगळी.

शेवटी मुरारच्या भगिनीस उत्तर. ताई, झाडे उपटू नका. आपली झाडे निरोगी आहेत. ती फक्त वाट पाहत आहेत. खत, विशेषतः नत्राचे, आता मुळीच घालू नका. त्याने पाने वाढतील, फळे नव्हेत. पाणी बेताने, सकाळचे द्या. पाल्याच्या रात्री झाका. ऊन चढल्यावर, अकरा ते एकच्या दरम्यान, फुलांच्या घोसाला बोटाने हलकी टिचकी मारीत जा. जो थोडाफार पराग सुटेल तो आपल्या जागी पडेल. वसंतपंचमी उलटून रात्री 12-13 अंशांवर आल्या, की नवी फुले फळ धरू लागतील आणि चैत्रात, लू सुरू होण्यापूर्वी, आपल्याला बऱ्यापैकी टोमॅटो मिळतील. दरम्यान घरात कुंडीत पुसा शीतलचे बी पेरून ठेवा आणि वसंतपंचमीच्या सुमारास ती रोपे लावा. बियांसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. ग्वाल्हेरला 2008 पासून कृषी विद्यापीठही आहे.

आणि कार्तिकात धरलेली काही हिरवी फळे थंडीत तशीच अडकून राहिली असतील, तर ती पिकण्याची वाट पाहत बसू नका. पूर्ण भरलेली असतील ती खुडून घरात टोपलीत ठेवा, सावकाश रंग धरतील. शीतकपाटात मात्र ठेवू नका, तिथे स्वाद मरतो. उरलेल्यांची दाण्याचे कूट, गूळ आणि हिरवी मिरची घालून भाजी करा. आमच्या सासूबाईंच्या हातची ती भाजी मी पहिल्यांदा खाल्ली ती लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला. माझ्या तुळशीच्या लग्नाच्या झाडांवर तेव्हा फुलांखेरीज काही नव्हते. त्यांनी गणपतीत आपली म्हणून कोपऱ्यात चार झाडे लावली होती. ती भाजी त्यांची होती. हे माझ्या ध्यानात यायला मात्र तीन वर्षे लागली.

उष्णतामापी घेतल्यास आपल्या वहीतले आकडे मला अवश्य कळवावेत.